मोरटाकळीच्या यशाची कारणे

"प्रवेश बंद आहेत," बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "जूनमध्ये या. आणि येताना मुलाला आणा. नुसत्या बापाला आम्ही घेत नाही."

वर्ग हसला. मी दारात उभा होतो. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात खात्याची फाईल. केंद्रप्रमुखाची स्कूटर कोपऱ्यावर दिसली की एरवी शाळेत काय होतं ते मला पाठ होतं. एक गुरुजी खुर्ची पुसायला धावतो, दुसरा चहाला पिटाळतो, आणि पोरं उभी राहून 'एक साथ नमस्ते'चा असा काही गजर करतात की नमस्कार केला की दम दिला ते कळत नाही. इथे अडतीस पोरांपैकी तिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

"मी पालक नाही," मी म्हणालो. "मी केंद्रप्रमुख. उखळकर."

खडू थांबला. बाई वळल्या. पन्नाशीच्या, उंच, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुढच्या खोलीतून थेट माजघरात शिरलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आलातच," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आधी पत्र धाडायला हवं होतं, पण घाई—"

"नाही, नाही. पत्र नको. पत्राविना आलात तेच बरं." त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "पंधरा मिनिटं बसा. गणित अर्ध्यावर आहे."

मी बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला शाळेत 'बसा' म्हणून हुकूम झाल्याची ही पहिलीच वेळ, आणि मी तो पाळला याचं मला आजही नवल वाटतं.

फळ्यावर लिहिलं होतं: 'लिफ्टमध्ये सहा माणसे मावतात. सत्तेचाळीस माणसांना वर न्यायचे आहे. किती फेऱ्या होतील?'

"आठ!" चार-पाच जण ओरडले.

"दहा," मागून एक मुलगी म्हणाली. दोन वेण्या, एकच रिबीन.

"का गं कावेरी? दहा कशा?"

"बाई, लिफ्टमन आतच असतो की. तो उतरत नाही. म्हणजे पाचच माणसं मावतात."

"तुला कोण म्हणालं?"

"माझे पप्पा लिफ्टमन आहेत."

बाईंनी 'आठ' पुसलं नाही. त्याच्या शेजारी 'दहा' लिहिलं आणि विचारलं, "आता कोणाचं बरोबर?" त्यावर वर्गात असं भांडण जुंपलं की घरात वाटण्या चालल्यात असं वाटावं. मी इतका रंगलो की एका मुलाला पाठून म्हणालो, "अरे, पण शेवटच्या फेरीत दोनच माणसं उरतील." तो वळून म्हणाला, "ते कळलंय आम्हाला."

मी तिथे कशाला गेलो होतो ते सांगायला हवं.

शहर वाढत वाढत आमच्या तालुक्याच्या अंगावर आलं होतं, त्या काठावरचं माझं केंद्र. एका बाजूला बारा-बारा मजल्यांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला त्या बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या, मध्ये सरकारी शाळा. इमारतीतली पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात आणि पत्र्याखालची आमच्याकडे येत. ऑक्टोबरात मी या केंद्राचा कार्यभार घेतला तेव्हा माझ्या हाती दहा शाळांची यादी आली. डिसेंबरात एका बाहेरच्या संस्थेच्या पाहणीचा निकाल लागला. जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांत पोरांना वाचता किती येतं आणि हिशेब किती येतो हे त्यांनी तपासलं होतं. माझ्या केंद्रात शाळा दहा, आणि जिल्ह्यात पहिली आली ती माझ्याच हद्दीतली अकरावी. मोरटाकळी. मी नवा होतो. मला वाटलं, टायपिंगमध्ये राहिली असेल.

आमचे शिक्षणाधिकारी काटदरे साहेब. सरळ माणूस. सरळ म्हणजे समोर भिंत असली तरी सरळ. त्यांनी मला बोलावून अठरा रकान्यांचं प्रपत्र पुढे सरकवलं. वर मथळा होता, 'उपनगरी भागातील सार्वजनिक शाळांच्या यशाची कारणे'.

"उखळकर, आठ दिवसांत भरून द्या. वरून विचारणा आहे. ही शाळा पुढे का गेली ते एकदा कळलं की बाकीच्यांना तसं करायला सांगता येईल."

"आणि नाही कळलं तर?"

"तरी सांगावं लागेलच."

म्हणून मी त्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

तास संपल्यावर बाईंनी, घुलेबाई त्यांचं नाव, मला ऑफिसात नेलं. ऑफिस म्हणजे एक कपाट, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ. दुसऱ्या वर्गातून तडवी गुरुजी आले. खानदेशचे, बुटके, मिशीच्या टोकावर खडूची भुकटी. अजून दोन शिक्षक होते, ते वर्ग सोडून आले नाहीत. मला भेटायला वर्ग न सोडणारा शिक्षकही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी प्रपत्र उघडलं.

"स्मार्ट बोर्ड?"

"नाही."

"परसबाग?"

"लावली होती. शेळ्या खातात," तडवी म्हणाले.

"बोलक्या भिंती?"

"आमची पोरंच इतकी बोलतात साहेब, भिंतीला संधी मिळत नाही."

"लोकसहभाग? देणगीदार? एखादा नगरसेवक, उद्योगपती?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "समोरच्या इमारतीतल्या एक आजी चष्मा दुरुस्त करून देणार होत्या. गावाला गेल्या."

अठरा रकाने, आणि अठराही 'नाही'. इतकं रिकामं प्रपत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बंद पडायला आलेल्या शाळांचंही थोडंफार भरतं.

"काही तरी वेगळं करत असाल," मी म्हणालो. अगदी काकुळतीला येऊन म्हणालो.

"शिकवतो," बाई म्हणाल्या.

"ते झालंच हो. त्याशिवाय?"

मी रिवाजाप्रमाणे शेरेबुक मागितलं. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने त्यात तारीख घालून दोन ओळी लिहायच्या असतात, 'शाळा स्वच्छ, विद्यार्थी चुणचुणीत' वगैरे. बाईंनी कपाटातून वही काढली, पण हातात दिली नाही. छातीशी धरून ठेवली.

"शेरा लिहायलाच हवा का, साहेब?"

"नियमच आहे."

"लिहिला की भेट झाली, असं होतं. आणि भेट झाली की पुढचं सगळं होतं." त्या म्हणाल्या. "ही पोरं तिसरीत आहेत. पहिलीपासून माझ्याकडे आहेत. त्यांना चौथीच्या शेवटापर्यंत न्यायचंय मला. अजून सव्वा वर्ष. तेवढं जाऊ द्या. मग काय लिहायचं ते लिहा."

मला काही उमगेना. "अहो बाई, तुमचा पहिला नंबर आलाय. सत्कार होईल."

"तेच ना," तडवी म्हणाले.

चार दिवस मी रोज गेलो. सांगितलं की निरीक्षण करतो आहे, पण खरं तर मला तिथे बरं वाटायचं. एका वर्गातलं गणित दुसऱ्या वर्गात ऐकू जायचं आणि तिथली पोरं मध्येच उत्तर द्यायची. शाळेला घंटा नव्हती. विषय संपला की तास संपायचा आणि भूक लागली की मधली सुट्टी व्हायची. पाचव्या दिवशी मी बाईंना म्हणालो, परिपत्रकांची फाईल द्या, त्यातून काही सापडतं का पाहू.

फाईल आली. त्यात सगळ्यात वरचं परिपत्रक अकरा वर्षांपूर्वीचं होतं.

"ही जुनी. चालू द्या."

"हीच चालू."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग शेरेबुक स्वतःच उचललं. शेवटचा शेरा, अकरा वर्षांपूर्वीचा. हजेरीपत्रक ओढलं. चार शिक्षक, चौघांची नावं अकरा वर्षं तीच, त्याच क्रमाने.

"बदल्या?"

"झाल्या नाहीत."

"प्रशिक्षणं? उजळणी वर्ग?"

"बोलावलं नाही कोणी."

"निवडणुकीची ड्यूटी? जनगणना? मतदार यादी? शौचालयांची मोजणी? तातडीची ऑनलाईन माहिती, आज दुपारी तीनपर्यंत पाठवा वगैरे?"

"ते काय असतं?" तडवी गुरुजींनी विचारलं. चेष्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

बाईंनी दार लोटून घेतलं. मग सांगितलं. गाव महापालिकेत गेलं ते कालव्यापर्यंत. शाळा कालव्याच्या पलीकडे. जिल्हा परिषदेला वाटलं, गावाबरोबर शाळाही गेली. त्यांनी यादीतून नाव काढलं. महापालिकेला वाटलं, कालव्यापलीकडचं आपलं नाही. त्यांनी यादीत घेतलं नाही. पगार तेवढा जुन्या ठिकाणाहून येत राहिला, कारण तिथला बाबू दर महिन्याला मागचंच बिल काढून फक्त महिन्याचं नाव बदलतो. पुस्तकांचा टेम्पोवाला याच गावचा. खिचडीचं धान्य वाटणाऱ्याची यादी तर गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हाची.

"आणि तुम्ही कळवलं नाही कोणाला?"

"पहिल्या वर्षी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही." बाई म्हणाल्या. "मग आम्ही चौघं इथंच बसलो होतो एकदा. तडवी म्हणाले, बाई, आता काय करायचं? मी म्हटलं, पत्र येईपर्यंत शिकवू."

बाहेर पोरं खिचडीच्या रांगेत भांडत होती.

"मग ती पाहणी तुमच्याकडे कशी आली?"

"ती टॅबवाली पोरं? ती म्हणाली, आम्ही यादी घेतच नाही, वरून काढलेला नकाशा पाहतो. पटांगणात पोरं दिसली, आलो." बाईंनी कपाळाला हात लावला. "मी म्हटलं, प्या चहा, तपासा पोरांना. मला काय ठाऊक नंबर लागेल? मुद्दाम चुका करा असं पोरांना कसं सांगणार हो?"

मी शेरेबुक मिटून कपाटात ठेवलं. काही लिहिलं नाही.

"उखळकर साहेब," तडवी म्हणाले, "तुम्हाला घरी पोरंबाळं?"

"दोन मुली. मोठ्या झाल्या."

"कुठल्या शाळेत होत्या?"

आमच्याही दारात पिवळी बस यायची. मी हेल्मेट चढवलं.

आठव्या दिवशी काटदरे साहेबांपुढे उभा राहिलो. खरं सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण माझी जीभ काही सव्वीस वर्षांत पुरती खात्याची झाली नव्हती.

"बोला. काय कारण?"

"साहेब, तिथले शिक्षक वर्गात असतात. वर्षभर."

"मग बाकीचे कुठे असतात?"

"आपल्याकडे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. खुर्चीमागे जिल्ह्याच्या नकाशात रंगीत टाचण्या टोचल्या होत्या. खाली व्हरांड्यात चाळीसेक गुरुजी कुठल्याशा आढाव्यासाठी सकाळपासून उभे होते. त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. साहेबांनी तो ऐकला असावा. माणूस वाईट नव्हता.

"हे कुठल्या रकान्यात बसतं?" त्यांनी विचारलं.

"बसत नाही."

"मग बसेल असं सांगा. एकच सांगा. वर दोन कारणं कोणी वाचत नाही. आणि बिनखर्चाचं असेल तर फारच उत्तम."

काही तरी द्यायलाच हवं होतं. निरुपद्रवी, ज्याने कोणाचं नुकसान होणार नाही असं काही. मला आठवली ती नसलेली घंटा. ती आठ वर्षांपूर्वी चोरीला गेली होती, आणि नवी मागायची तर पत्र लिहावं लागलं असतं म्हणून मागितली नव्हती.

"साहेब, त्या शाळेत घंटा नाही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे तास तोडत नाहीत," मी पुढे म्हणालो. "मुलांची तंद्री भंग पावत नाही."

"घंटामुक्त शाळा!" साहेब उठून उभेच राहिले. "उखळकर, अहो, शून्य खर्च! उलट घंटाच जमा होतील!"

आणि झाल्या. पंधरा दिवसांत जिल्हाभरच्या घंटा काढून पंचायत समित्यांच्या गोदामात जमा करण्याचा आदेश निघाला. गुरुजी लोक पितळी घंटा पिशवीत घालून एसटीने आले. पावत्या झाल्या, रजिस्टर झालं. मला मनातून हसू येत होतं. वाटलं, सुटलो. बाईंना जाऊन सांगितलं.

"त्या घंटांनी कोणाचं काय बिघडवलं होतं, साहेब?"

"तुमच्यावरचं त्यांच्यावर गेलं, एवढंच."

"तुम्ही माणूस गोड आहात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून ती स्तुती नव्हती असं वाटलं.

अडलं ते सत्काराशी. मोरटाकळी पहिली आल्याचं कळताच महापालिकेने कालव्याच्या अलीकडे मोठा फ्लेक्स लावला. 'आमची शाळा, आमचा अभिमान.' अकरा वर्षं जिला आई नव्हती तिला आता दोन झाल्या. काटदरे साहेब भडकले. आपला सत्कार आधी झाला पाहिजे, उद्याच्या उद्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या मागे उभा राहून संगणकावरच्या ऑपरेटरकडे पाहत होतो. ती गोल चेहऱ्याची, झपाझप टाईप करणारी बाई होती.

"सर, शाळेचा कोड टाकल्याशिवाय प्रमाणपत्र छापत नाही."

"टाका मग."

"ही शाळा यादीतच नाही."



"प्रमाणपत्र हाताने लिहू," मी म्हणालो. "माझं अक्षर बरं आहे, साहेब. वळणदार आहे."

"काय बोलताय! पहिली आलेली शाळा यादीत नाही, हे बाहेर कळलं तर? महापालिका घेऊन जाईल आपल्या डोळ्यांदेखत. टाका हो बाई, यादीत टाका."

"कशाकशासाठी चालू करू? इथे पर्याय आहेत. प्रशिक्षण, बदली, निवडणूक, सर्वेक्षण..."

"सगळ्यांसाठी."

मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. त्यातून काय निघालं ते आठवत नाही. बहुतेक काहीच निघालं नाही. ऑपरेटर बाईंनी बटण दाबलं. छोटासा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा.

सत्काराला चौघेही शिक्षक आले. यावंच लागलं, तसं पत्र होतं. त्या दिवशी मोरटाकळीची शाळा अकरा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी बंद राहिली. घुलेबाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि उतरताना व्यासपीठाच्या पायरीवरच एका कारकुनाने त्यांच्या हातात पुढच्या तीन प्रशिक्षणांची पत्रं ठेवली.

पुढचं कोणालाही सांगता येईल. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस पत्रं. शाळेत संगणक नव्हता, म्हणून बाई माहिती भरायला कालवा ओलांडून सायबर कॅफेत जाऊ लागल्या. तडवी गुरुजी मतदार याद्या घेऊन बारा मजल्यांच्या इमारतींतून हिंडू लागले. एकदा मला ते रस्त्यात भेटले. घामाने निथळत होते.

"साहेब, लिफ्टमध्ये खरंच पाच मावतात," ते म्हणाले. "कावेरीचं बरोबर होतं. तिचा बापच भेटला. म्हणे, गुरुजी, तुम्ही इथं? मग पोरींना कोण शिकवतंय?"

"काय सांगितलं?"

"मी म्हटलं, चौथा मजला."

फेब्रुवारीत निवडणुकीच्या कामासाठी केंद्रातल्या शिक्षकांची यादी मीच करायची होती. मी दहा शाळांची केली. मोरटाकळी गाळली. जाणूनबुजून, शांतपणे, अकरा वर्षांपूर्वी कोणा अज्ञात माणसाने अनवधानाने जे पुण्य केलं होतं तेच मी पुन्हा करायला गेलो. वाटलं, खात्याला अकरा वर्षं जे दिसलं नाही ते आता कुठे दिसायला बसलंय?

तिसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. खातं म्हणजे मोठं विलक्षण जनावर आहे. आपसूक झालेली चूक त्याला उमर उलटली तरी दिसत नाही, आणि मुद्दाम केली की वासावर येतं. मी खुलासा लिहिला, दिलगिरी लिहिली, आणि अकरा शाळांची नवी यादी माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिली.

काटदरे साहेबांची बदली जुलैत झाली. नव्या साहेबांना घंटा गोदामात सापडल्या. त्यांनी विचारलं, हे काय? कोणाला नीट सांगता येईना. मग सगळ्या घंटा यादीप्रमाणे शाळांना परत वाटण्यात आल्या. मोरटाकळीने एकही जमा केली नव्हती, पण आता ती यादीत होती, म्हणून तिलाही एक मिळाली.

बदल्या दरवर्षी मेमध्ये होतात. त्या वर्षी कोर्टात अडकल्या आणि आदेश सप्टेंबरात निघाले. सर्वाधिक काळ एकाच शाळेत राहिलेल्यांना आधी उचलायचं असा नियम होता. अख्ख्या जिल्ह्याच्या यादीत पहिली चार नावं मोरटाकळीची. तिथेही पहिला नंबर.

घुलेबाईंना कार्यमुक्त करण्याचा आदेश घेऊन मीच गेलो. सोमवार होता, अकरा वाजून गेले होते. तडवी शनिवारीच गेले होते. त्यांच्या जागी आलेले नवे गुरुजी ऑफिसात मोबाईलवर कसली तरी माहिती भरत होते. मला पाहताच ताडकन उठले, खुर्ची पुसली. मी बसलो नाही. व्हरांड्यात नवी घंटा टांगली होती, तिच्याखाली ती वाजवायचा लोखंडी टोला.

चौथीचा वर्ग चालू होता. मी दारात उभा राहिलो. फळ्यावर टँकरचं गणित होतं: टाकी इतक्या लिटरची, टँकर तितक्या लिटरचा, आणि रस्त्यात तो गळत येतो. बाईंनी मला पाहिलं. यावेळी पंधरा मिनिटं बसा म्हणाल्या नाहीत. टेबलाच्या खणातून शेरेबुक काढून त्यांनीच माझ्यापुढे ठेवलं.

"आता लिहा, साहेब."

मी पेन काढलं. अकरा वर्षांपूर्वीच्या शेऱ्याखाली तारीख घातली. पुढे काय लिहावं? 'विद्यार्थी चुणचुणीत' इतकं लिहून थांबलो.

"कुठे दिलंय तुम्हाला?" मी विचारलं. आदेशात लिहिलेलंच होतं, तरी विचारलं.

"घाटावर. एकशेदहा किलोमीटर." बाई म्हणाल्या. "यांचे सात महिने राहिले होते हो फक्त."

तेवढ्यात बाहेर घंटा झाली. नवे गुरुजी नियमाने वागणारे होते. साडेअकराची लहान सुट्टी.

वर्गातलं एकही पोर हललं नाही. ती एकमेकांकडे, मग बाईंकडे पाहू लागली.

"बाई," कावेरीने विचारलं, "भंगारवाला आला का?"

"नाही गं. सुट्टी झाली."

"कोणाची?"

"तुमची."

"पण टँकर गळतोय अजून," ती फळ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "त्याचं व्हायचंय."

बाईंनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. छापील नमुना होता: 'आज दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व / मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.' नको ते खोडायचं. तालुक्याहून निघताना मला बजावलं होतं, मध्यान्हपूर्वच करा, बाईंना उद्या सकाळी तिकडे हजर व्हायचंय.

मी टेबलावर कागद ठेवून 'मध्यान्हपूर्व' खोडलं. नीट, पट्टी धरून खोडलं. सही केली.

"पाचपर्यंत तुमचं," मी म्हणालो.

बाईंनी कागद घेतला, घडी करून शेरेबुकात घातला आणि खडू उचलला. "हं, कावेरी. टाकीपर्यंत पोचेतो किती उरलं?"

मी बाहेर आलो. नवे गुरुजी पुन्हा मोबाईलमध्ये गेले होते. स्कूटर सुरू करताना मागून वर्गातलं भांडण ऐकू येत होतं. कोणी म्हणत होतं टाकी भरेल, कोणी म्हणत होतं भरणार नाही.

मला नंतर कळलं, त्या दिवशी मोरटाकळीत घंटा पुन्हा वाजली नाही. नव्या गुरुजींनी संध्याकाळपर्यंत टोला शोधला. तो माझ्या स्कूटरच्या डिकीत होता.